नागपूरच्या पानझडी जंगलात वृक्षविविधता कशी मोजायची

पेंचकडच्या जंगलातल्या एखाद्या कक्षात (वनविभागाने पाडलेल्या क्रमांकाच्या तुकड्यात) २० बाय २० मीटरचा चौकोन आखला, झाडं मोजली आणि वहीत लिहिलं, ‘११ जाती मिळाल्या’. एवढ्यावरून काहीच कळत नाही. किती घेराच्या वरची झाडं धरली? एका बुडख्यातून फुटलेले चार फुटवे म्हणजे एक झाड की चार? दोरीवरच उभं असलेलं ऐनाचं झाड आत घेतलं की बाहेर ठेवलं? मार्चमध्ये पानं गाळून बसलेल्या झाडांना नाव कोणी आणि कशावरून दिलं? याची उत्तरं पहिल्या प्लॉटच्या आधी ठरलेली हवीत आणि शेवटच्या प्लॉटपर्यंत तीच राहायला हवीत. मोजणी सोपी असते. घोळ होतो तो मधेच नियम बदलल्यामुळे.

नियम सारखा ठेवल्याचा फायदा काय, हे बघायला पनामापर्यंत जावं लागेल. तिथल्या बारो कोलोराडो बेटावर स्टीफन हबेल आणि रॉबिन फॉस्टर यांनी १९८० च्या सुमारास ५० हेक्टरचा कायमचा प्लॉट आखला. छातीच्या उंचीला १ सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त व्यास असलेलं प्रत्येक झाड मोजायचं, त्यावर क्रमांक लावायचा आणि काही वर्षांनी पुन्हा मोजायचं, अशी ती पद्धत. पुढे मलेशियातल्या पासोहला आणि १९८८ पासून तामिळनाडूतल्या मुदुमलाईला तसेच ५० हेक्टर मोजले गेले. बारो कोलोराडोत सुमारे ३०० जाती निघाल्या, पासोहला ८०० च्या वर आणि मुदुमलाईत ७० च्या आसपास. क्षेत्र आणि मापाची किमान मर्यादा तिन्हीकडे एकच, म्हणून हे आकडे शेजारी शेजारी मांडता येतात. आपलं जंगल मुदुमलाईच्या गोतातलं आहे. तिथंही साग, ऐन आणि धावडा आहेत, उन्हाळ्यात पानगळ आहे आणि आग आहे. त्यामुळे १० प्लॉटांत २५–३० जातीच मिळाल्या म्हणून खट्टू व्हायचं कारण नाही. कोरड्या पानझडी जंगलात जाती कमीच असतात, आणि त्यांच्यातलं प्रमाण कसं आहे यावरून बरंच काही कळतं.

परवानगी

साध्या वनक्षेत्रासाठी संबंधित विभागाच्या उपवनसंरक्षकांकडे अर्ज करावा लागतो. अभयारण्य किंवा राष्ट्रीय उद्यान असेल, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते. व्याघ्रप्रकल्पात क्षेत्रसंचालकांमार्फत जायचं. राज्याच्या वनविभागाचं मुख्यालय सिव्हिल लाइन्सच्या वनभवनात आहे, म्हणजे नागपूरकरांची निम्मी पायपीट वाचते. अर्जात चार गोष्टी वेगळ्या मांडा: कोणत्या कक्षात, किती दिवस, किती माणसं आणि झाडाला नक्की काय करणार. रंगाचा पट्टा, खिळा, फांदीचा नमुना, यातलं जे करायचं असेल ते नाव घेऊन लिहा. ‘अभ्यास’ एवढ्याच शब्दावर मिळालेल्या परवानगीत खिळा ठोकणं बसत नाही, आणि बीटवरच्या वनरक्षकाने हटकलं तर चूक त्याची नसते.

अर्ज ऑगस्टमध्येच टाका. कामाचा काळ ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंतचा. पावसाळ्यात नाले ओलांडता येत नाहीत आणि फेब्रुवारीपासून पानं गळायला लागतात, आगीचा हंगामही तेव्हाच सुरू होतो. मार्च–एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात, तेव्हा पहाटे मोहाखाली अस्वल येतं. त्या दिवसांत फक्त फुलं-फळं बघून नावं पक्की करायची छोटी फेरी मारायची, तीही उजाडल्यावर आणि वनरक्षकाला सोबत घेऊन.

प्लॉट कुठं टाकायचा

सगळ्यात नुकसान करणारी चूक इथंच होते. गाडी जिथं थांबते तिथून आत शिरायचं, ‘छान दाट’ दिसणारा तुकडा निवडायचा आणि दोरी सोडायची, हा रस्त्याकडेच्या जंगलाचा अभ्यास झाला. तिथं चराई जास्त, सरपणाची तोड जास्त, घाणेरी, म्हणजे इकडची रायमुनिया, तीही जास्त. प्लॉटच्या जागा घरी बसून नकाशावर ठरवायच्या.

आधी जंगलाचे थर पाडा, म्हणजे सारख्या जंगलाचे वेगवेगळे गट करा. नागपूर शहर दोन भूगर्भांच्या सीमेवर बसलंय. पश्चिमेला दख्खनचा बेसॉल्ट, पूर्वेकडे आणि उत्तरेकडे फार जुने ग्नाइससारखे खडक. माती बदलली की झाडोरा बदलतो. त्यात सागाचं रोपवन वेगळं, नैसर्गिक मिश्र जंगल वेगळं आणि नाल्याकाठची पट्टी त्याहून वेगळी. रोपवन ओळखायला सोपं: एका रांगेत, सारख्या अंतरावर, जवळपास एकाच घेराचे साग. नाल्याकाठी कहू (अर्जुन), जांभूळ, करंज दिसतात, जे वर माळाच्या उतारावर दिसत नाहीत. हे सगळं एकाच पिशवीत टाकून सरासरी काढली, तर ती कुठल्याच जंगलाला लागू पडत नाही. प्रत्येक थराला त्याच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात प्लॉट द्या. नाल्याची पट्टी अरुंद असते, म्हणून तिला निदान पाच तरी प्लॉट वेगळे राखा.

मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक थराच्या आत यादृच्छिक बिंदू पाडा. रस्ता, वनपाणवठा आणि जाळरेषा (आग पसरू नये म्हणून मोकळी ठेवलेली पट्टी) यांपासून ५० मीटरच्या आतले बिंदू गाळा. इथं एक खास नागपुरी खड्डा आहे. नकाशावर मीटरमध्ये मोजता यावं म्हणून यूटीएम पद्धतीत पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले असतात. पुण्या-मुंबईकडच्या टिपणांत यूटीएमचा पट्टा ४३ उत्तर असं लिहिलेलं असतं. नागपूर ७९ अंश पूर्व रेखांशावर आहे आणि ४४ वा पट्टा ७८ अंशापासून सुरू होतो. म्हणजे इथं ४४ उत्तर, सॉफ्टवेअरमध्ये निवडायचा त्याचा ईपीएसजी क्रमांक ३२६४४. मेळघाट मात्र ४३ मध्येच येतो. चुकीचा पट्टा घेतला तर अंतरं-क्षेत्रफळं थोडी बिघडतात, आणि दोघांचे बिंदू एका नकाशावर आणले की एकाचे जंगलाबाहेर पडतात.

बिंदूवर पोचल्यावर खदान लागली, कातळ लागला, तर काय? नियम आधीच लिहून ठेवायचा, उदाहरणार्थ ‘उत्तरेला ५० मीटर सरका, तिथंही जमलं नाही तर पुढचा राखीव बिंदू घ्या’. जंगल विरळ आहे म्हणून सरकायचं नाही. विरळ जंगल हीसुद्धा नोंदच आहे.

आखणी

क्षेत्र किती घ्यायचं? ०.१ हेक्टरचा चौकोन हवा असेल, तर बाजू ३१.६२ मीटर. भारतीय वन सर्वेक्षणाने बरीच वर्षं हेच माप वापरलं, त्यामुळे त्या आकड्यांशी तुलना सोपी जाते. दोन-तीन जणांचा चमू असेल तर २० बाय २० मीटर, म्हणजे ०.०४ हेक्टर, झेपतं. मात्र प्लॉट जास्त टाकावे लागतील.

सामान फार नाही. इतवारीतल्या दोरीच्या दुकानातून जाड सुती किंवा पॉलिप्रॉपिलीनची दोरी घ्या. नायलॉन ओलं झालं की ताणतं आणि सकाळच्या दवात चौकोन कधी फुगला ते कळतसुद्धा नाही. दोरीला दर ५ मीटरवर रंगीत चिंधी बांधा. ५० मीटरची फायबर टेप, होकायंत्र, चार खुंट्या, १.३७ मीटरवर खाच पाडलेली बांबूची काठी, पेन्सिली (पेन नको, घामाने शाई पसरते), जाड पुठ्ठ्याला लावलेले छापील तक्ते आणि झाडांना लावायच्या क्रमांकाच्या चकत्यांचा खोका. शिंप्याची कापडी टेप आणू नका, ती वापरून वापरून लांबते. घेरासाठी दीड मीटरची फायबर टेप आणि मोहाच्या जाड झाडांसाठी ५ मीटरची.

पहिली बाजू उत्तर-दक्षिण धरा. काटकोन होकायंत्रावर सोडू नका, कोपऱ्यात ३-४-५ मीटरचा त्रिकोण मोजून घ्या. शेवटची खात्री कर्णाची: २० मीटरच्या चौकोनाचा कर्ण २८.२८ मीटर, ३१.६२ च्या चौकोनाचा ४४.७२. दोन्ही कर्णांत २० सेंटिमीटरच्या वर फरक पडला, तर खुंट्या हलवा.

उतारावर दोरी जमिनीवर टाकून मोजली, तर आडवं क्षेत्र कमी भरतं. १० अंशांपर्यंत फरक दीड टक्का, तो सोडून दिला तरी चालतो. २० अंशांवर तो ६ टक्क्यांवर जातो, म्हणून तिथं उताराच्या दिशेची २० मीटरची बाजू जमिनीवर २१.२८ मीटर घ्यायची. उताराचा कोन मोबाइलवरच्या साध्या ॲपनेही मिळतो.

दोरीवरचं झाड: बुंध्याचा मध्य आत असेल तर आत. मध्य नेमका दोरीखाली आला, तर दक्षिण आणि पश्चिम बाजूचं घ्यायचं, उत्तर आणि पूर्वेचं सोडायचं. दिशा कुठलीही निवडा, पण ‘मोठं आहे, घेऊन टाकू’ असं एकदा केलं की पुढे दर प्लॉटमध्ये होतं आणि मोठ्या झाडांची संख्या फुगत जाते.

घेर

आपल्याकडे छातीची उंची म्हणजे १.३७ मीटर, साडेचार फूट. बाहेरच्या बहुतेक अभ्यासांत १.३० मीटर धरतात. कुठलंही एक घ्या आणि तक्त्यावर छापून टाका. किमान मर्यादा ३० सेंटिमीटर घेराची ठेवा. १० सेंटिमीटर व्यास म्हणजे ३१.४ सेंटिमीटर घेर. ३० पासून मोजलं असेल तर नंतर ३१.४ ची चाळणी लावून जगाशी तुलना करता येते, उलट बाजूने येत नाही.

काठी बुंध्याला लावायची ती उताराच्या वरच्या अंगाने, पायाशी साचलेला पालापाचोळा बाजूला करून. बोटभर पाचोळ्यावर काठी टेकली की माप सरकलं. टेप खोडाला काटकोनात हवी. मागच्या बाजूला ती खाली घसरलेली असते आणि समोरून दिसत नाही, म्हणून दुसऱ्याने फेरी मारून बघायचं. वेल टेपखाली येऊ द्यायची नाही, सैल असेल तर टेप तिच्या आतून सरकवायची.

झाड कललं असेल तर ज्या बाजूला झुकलंय त्या आतल्या अंगाने १.३७ मोजायचं. नेमकी तिथंच गाठ, खोबण किंवा जुनी जखम असेल तर जिथं खोड नीट होतं तिथपर्यंत वर जायचं आणि ती उंची तक्त्यात लिहायची. सावरीच्या बुंध्याला आधारमुळांच्या भिंती असतील तर त्या संपतात तिथून ५० सेंटिमीटर वर.

आता फुटवे. कोरड्या पानझडी जंगलात हेच सगळ्यात जास्त छळतं. साग, तेंदू, धावडा तुटले किंवा जळले की बुडख्यातून फुटतात, आणि नागपूर जिल्ह्याच्या जंगलात एकखोडी झाड नेहमीच मिळेल असं नाही. नियम असा: १.३७ च्या खाली फाटा फुटला असेल तर प्रत्येक खोडाचा घेर वेगळा मोजायचा, पण झाडाचा क्रमांक एकच ठेवायचा (३१-अ, ३१-आ, ३१-इ). वर फुटला असेल तर एकच खोड. जातींची संख्या आणि घनता काढताना ते एक झाड. बुंध्याचं छेदक्षेत्र (खोड आडवं कापलं तर दिसेल त्या वर्तुळाचं क्षेत्रफळ) काढताना प्रत्येक खोडाचं वेगळं क्षेत्र काढून बेरीज.

इथं घेरांची बेरीज करायचा मोह होतो. एका तेंदूला ४०, ३५ आणि ३० सेंटिमीटरची तीन खोडं आहेत. छेदक्षेत्र म्हणजे घेराचा वर्ग भागिले १२.५६६ (चार गुणिले पाय, म्हणजे π). वर्ग १६००, १२२५ आणि ९००, बेरीज ३७२५, भागून आलं २९६ चौरस सेंटिमीटर. घेर आधी मिळवले तर १०५, त्याचा वर्ग ११,०२५, आणि उत्तर ८७७. एका बेरजेने तेंदू तिप्पट जाड झाला. सगळ्या प्लॉटांत हेच केलं, तर फुटव्यांच्या जाती जंगलावर राज्य करताना दिसतील.

मोजणारा ओरडून सांगतो, लिहिणारा मोठ्याने परत म्हणतो. मराठी अंक इथं दगा देतात. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी, सदुसष्ट आणि सत्त्याहत्तर पंधरा मीटरवरून एकसारखे ऐकू येतात. ‘सहा-नऊ’, ‘सात-नऊ’ असं अंक तोडून बोला. दशांश असेल तर ‘पॉइंट’ म्हणा. आणि मोजलेल्या झाडावर खडूची रेघ मारा. खडू न वापरता ‘लक्षात राहतं’ म्हणणारा चमू दहाव्या झाडानंतर एखादा साग दोनदा मोजतो.

नाव

यादीतला प्रत्येक चुकीचा शिक्का जातींची संख्या एकाने वाढवतो किंवा घटवतो. म्हणून इथं घाई नको.

पान असो-नसो, साल आधी बघा. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल चौकटींत भेगाळलेली. तेंदूची कोळशासारखी काळी, लहान आयताकृती तुकड्यांची. उन्हात उभ्या तेंदूला लांबून ऐन समजणं हा नवख्यांचा नेहमीचा घोटाळा, जवळ गेलं की काळेपणाने तो सुटतो. धावड्याची साल गुळगुळीत, राखी-पांढरी, पातळ ढलप्यांनी गळणारी. लेंडियाही फिकट आणि ढलपे टाकणारा, तिथं खाली पडलेली जुनी फळं शोधा: वाळून तीन-चार पाकळ्यांत उकललेली बोंडं लेंडियाची, बारीक गोल झुपक्यातली पंखवाली फळं धावड्याची. बीजा या झाडाच्या जुन्या जखमेवर रक्तासारखा लाल डिंक सुकलेला असतो. त्यासाठी साल तासायची गरज नाही, संरक्षित क्षेत्रात तर तासायचीच नाही. कुलू म्हणजे पांढराफटक, कागदी साल, हिवाळ्यातच बोडका. सागाचं कोवळं पान चुरगळलं की हात लाल होतो.

नाल्याकाठी ऐन आणि कहू, म्हणजे अर्जुन, शेजारी उभे असतात. दोघांच्याही फळांना पाच पंख, दोघांच्याही पानाच्या बुडाशी ग्रंथी. फळ बघून फसायला होतं. कहूची साल गुळगुळीत, फिकट गुलाबी-पांढरी, मोठ्या पापुद्र्यांनी सुटणारी, इथं शंका उरत नाही. पांढरा कुडा आणि काळा कुडा, दोघांना चीक, दोघांची पानं समोरासमोर. काळ्या कुड्याच्या शेंगांची जोडी टोकाशी चिकटलेली असते, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. सालई, काकड आणि मोवई, तिन्ही संयुक्त पानांची आणि उन्हाळ्यात तिन्ही बोडकी. सालईची साल कागदासारखी सुटते आणि डिंकाला धुपाचा वास येतो. मोवईच्या पर्णिकेची कड सरळ, सालई आणि काकडाची दातेरी.

सोबतच्या स्थानिक माणसाला नाव जरूर विचारा, त्याने सांगितलेलं मराठी किंवा गोंडी नाव जसंच्या तसं वेगळ्या रकान्यात लिहा, आणि शास्त्रीय नाव त्यावरून थेट भरू नका. कळंब आणि कदंब ही दोन वेगळी झाडं आहेत. आपल्या जंगलात दिसतो तो बहुतेक कळंब, मित्रागायना पार्व्हिफोलिया. कदंब बागेत लावलेला. एकाच्या तोंडून दुसऱ्याचं नाव सर्रास येतं.

शास्त्रीय नावांचाही सापळा आहे. जुन्या वनस्पतिसूचींत धावडा ॲनोजिसस लॅटिफोलिया, आता तो टर्मिनेलिया ॲनोजिसियाना. खैर अकेशिया कॅटेचूचा सेनेगालिया कॅटेचू झाला, बाभूळ अकेशिया निलोटिकाची व्हॅचेलिया निलोटिका. चमूतल्या एकाने जुनं, दुसऱ्याने नवं नाव भरलं की संगणक दोन जाती मोजतो. लंडनच्या क्यू उद्यानाची ‘प्लांट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइन’ ही सूची प्रमाण धरा आणि सगळी नावं एका बैठकीत, एका माणसाने तपासा.

ओळखू न आलेल्या झाडाला ‘बहुधा ऐन’ लिहायचं नाही. ‘अनोळखी-१’ लिहा, साल, पानाच्या दोन्ही बाजू, देठाचं बूड आणि खाली पडलेलं फळ यांचे मोजपट्टी ठेवून फोटो काढा. तेच झाड सहाव्या प्लॉटमध्ये पुन्हा भेटलं तर ‘अनोळखी-१’ च, नवा क्रमांक नाही. नमुना घ्यायची परवानगी असेल तर फुल-फळासह फूटभर फांदी, दोन प्रती, वर्तमानपत्रात दाबून, कागद पहिले चार-पाच दिवस रोज बदलायचा. कागद बदलायचा राहिला की पान काळं पडतं आणि बुरशी धरते.

हात लावण्याआधी दोन नावं शिकून घ्या. बिब्याचा रस कातडीला लागला तर फोड येतात. गराडी, जी पूर्व विदर्भात बरीच आहे, तिची पानं जहाल विषारी. झाड नसलेली तिसरी गोष्ट म्हणजे खाजकुयलीच्या वाळक्या शेंगा. हिवाळ्यात दोरी ओढताना त्या हलल्या की दुपारचं काम संपलं.

लहान रोपं

मोठ्या चौकोनाच्या दोन कोपऱ्यांत ५ बाय ५ मीटर आखून १० ते ३० सेंटिमीटर घेराची झाडं मोजा, त्यातच १ बाय १ मीटरमध्ये रोपं. कोपरे कोणते ते आधीच ठरवा, नाहीतर पाय जिथं काट्यात जात नाहीत तिथंच चौकोन पडतो. रोपाच्या उंचीवरून वय सांगू नका. साग आणि तेंदूची रोपं आगीत किंवा उन्हाळ्यात वरून मरतात आणि मुळातून पुन्हा फुटतात, गुडघाभर दिसणारं रोप मुळाने कितीतरी वर्षांचं असू शकतं.

हिशेब

उदाहरणासाठी एक काल्पनिक प्लॉट घेऊ, ०.१ हेक्टरचा. साग २०, ऐन ८, धावडा ६, तेंदू ३, लेंडिया २, बीजा १. एकूण ४० झाडं, सहा जाती.

शॅनन निर्देशांक जाती किती आणि त्यांचं प्रमाण किती सारखं, हे एका आकड्यात सांगतो. त्यासाठी प्रत्येक जातीचं प्रमाण काढा (सागाचं ०.५, ऐनाचं ०.२...), त्याला त्याच्याच नैसर्गिक लॉगने गुणा, बेरीज करा, उणे चिन्ह काढा. उत्तर १.३९. हाच हिशेब दोनच्या पायाचा लॉग घेऊन केला तर २.००, दहाच्या पायाचा घेऊन केला तर ०.६०. एकाच प्लॉटचे तीन आकडे. दुसऱ्याच्या प्रबंधातला आकडा उचलून ‘आमचं जंगल जास्त समृद्ध’ असं लिहिण्याआधी त्याने कुठला लॉग घेतला ते बघाच. एक्सेलमध्ये ‘लॉग’ लिहिलं की दहाचा पाया येतो, ही चूक जितकी साधी तितकीच पसरलेली. ‘आर’ या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमधलं ‘व्हेगन’ पॅकेज न सांगता नैसर्गिक लॉग घेतं.

सिम्पसन हा विविधतेचा दुसरा निर्देशांक. त्यात प्रमाणांच्या वर्गांची बेरीज ०.३२१. कोणी हीच छापतं, कोणी एकातून वजा करून ०.६७९, कोणी तिचा व्यस्त घेऊन ३.११. तिन्हींना सिम्पसनच म्हणतात, म्हणून कुठला ते लिहा.

वाचणाऱ्याला समजेल असा आकडा हवा असेल, तर शॅननचा घातांक घ्या (e चा शॅननच्या आकड्याइतका घात). इथं तो ४.० येतो. म्हणजे सहा जाती असल्या तरी विविधता सारख्या प्रमाणातल्या चार जातींच्या जंगलाएवढी, कारण निम्मी झाडं सागाची आहेत. १.३९ पेक्षा हे वाक्य वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यालाही पटकन कळतं.

महत्त्वमूल्य निर्देशांक सगळेच काढतात: सापेक्ष घनता (एकूण झाडांतला त्या जातीचा वाटा), सापेक्ष वारंवारता (किती प्लॉटांत सापडली त्याचा वाटा) आणि सापेक्ष प्राबल्य (एकूण छेदक्षेत्रातला वाटा) यांची टक्क्यांतली बेरीज, सगळ्या जातींची मिळून ३००. तो वाचताना मोहाकडे लक्ष ठेवा. २५० सेंटिमीटर घेराच्या एका मोहाचं छेदक्षेत्र ५० सेंटिमीटरच्या २५ सागांएवढं भरतं. फुलं-टोळीसाठी (टोळी म्हणजे मोहाची बी) लोक मोह तोडत नाहीत, म्हणून तो म्हातारा होऊन जाड होतो. निर्देशांकात तो वर आला याचा अर्थ त्याची नवी पिढी उभी आहे असा नाही. १ बाय १ च्या चौकोनात मोहाचं रोप आहे का ते बघा. पडलेली फुलं वेचता यावीत म्हणून बुंध्याखालचा पाचोळा जाळला जातो आणि रोप त्यातच जातं.

किती प्लॉट पुरे

प्रत्येक प्लॉटनंतर एकूण जाती किती झाल्या याचा आलेख काढा, पण ज्या क्रमाने प्लॉट टाकले त्या क्रमाने नको. क्रम शंभरेक वेळा पिसून सरासरी रेषा घ्या. ती सपाट व्हायला लागली तर थांबायचा विचार करा. सोबत चाओचा अंदाज काढा, म्हणजे न सापडलेल्या धरून एकूण जाती किती असाव्यात ते: सापडलेल्या जाती, अधिक एकदाच सापडलेल्या जातींच्या संख्येचा वर्ग भागिले दोनदा सापडलेल्यांची दुप्पट. समजा ३८ जाती मिळाल्या, ९ जातींचं एकेकच झाड आणि ४ जातींची दोन-दोन. ८१ भागिले ८, म्हणजे सुमारे १०, आणि अंदाज ४८. त्याआधी ती नऊ एकांडी झाडं पुन्हा तपासा. त्यात चुकीचं नाव पडलेला एखादा ऐन किंवा जुन्या चौकीजवळ लावलेला कडुनिंब निघतोच.

दोन जंगलांची तुलना करताना एकीकडे ६०० झाडं आणि दुसरीकडे २५० असतील, तर ६०० मधली कुठलीही २५० झाडं यादृच्छिक उचलून, दोन्हीकडे २५० झाडांवर आणून किती जाती येतात ते बघा. जास्त झाडं मोजली की जास्त जाती मिळणारच.

पुन्हा मोजायचं असेल तर

परवानगी असेल तर ॲल्युमिनियमची चकती आणि ॲल्युमिनियमचाच खिळा वापरा. लोखंडी खिळा गंजतो आणि पुढे करवतीला लागतो. खिळा मापाच्या जागी नको, तिथं साल फुगते आणि पुढचा घेर खोटा येतो. ३० सेंटिमीटर वर ठोका आणि अर्धा बाहेर ठेवा, नाहीतर खोड वाढलं की चकती गिळली जाते. मापाच्या रेषेवर पातळ रंगाचा पट्टा मारा. खिळ्याला परवानगी नसेल तर रंगाचा पट्टा आणि दोन कोपऱ्यांपासूनचं अंतर, एवढ्यावर झाड परत सापडतं.

दुसरी फेरी त्याच महिन्यात करा. कोरड्या हंगामात खोड आणि साल पाणी गमावून थोडी आकसते. डिसेंबरात मोजलेला साग पुढे कधी मे महिन्यात मोजला, तर वाढायच्या ऐवजी बारीक झालेला दिसेल. तक्त्याच्या माथ्यावर तारखेसोबत वेळ, मोजणाऱ्याचं आणि लिहिणाऱ्याचं नाव, आणि झाड पानांत होतं की बोडकं, हे तीन रकाने त्यासाठीच असतात. संध्याकाळी मुक्कामावर पोचल्याबरोबर तक्त्यांचे फोटो काढा आणि एक प्रत चमूबाहेरच्या माणसाला पाठवून ठेवा. परतीच्या नाल्यात पिशवी पडली, तर मागे उरतात ते हे फोटोच.